न्यायाधीशाची खुर्ची आणि आपली कूस



आज आपण कोर्टाच्या खुर्चीविषयी बोलणार आहोत. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयातला एक न्यायाधीश निवृत्त होतो, दुसरा शपथ घेतो. ती बातमी आपण भाकरी थापता थापता ऐकतो आणि सोडून देतो. आपलं रेशन, आपला गटाचा हप्ता, आपला ऊस, आपल्या विड्या, यात तो माणूस कुठं येतो? पण एक जागा अशी आहे जिथं तो थेट आपल्या पोटापर्यंत येऊन पोचतो. बाईला दिवस गेले आणि ते नको असतील, किंवा ठेवणं तिच्या जिवावर बेतणार असेल, तर काय करायचं हे कुणी ठरवायचं? नवऱ्यानं, सासूनं, डॉक्टरनं, सरकारनं, की तिनं स्वतः? या प्रश्नाचं उत्तर काळानुसार बदलत आलंय. आणि ते बदलताना खुर्चीवर कोण बसलं होतं, याला फार महत्त्व होतं.

आधी लांबची गोष्ट सांगतो, मग घरी येऊ.

अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतात. नऊही जण एकत्र बसून निकाल देतात. त्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, तिथली सिनेट तिला मंजुरी देते, आणि एकदा नेमला की तो मरेपर्यंत किंवा स्वतः सोडेपर्यंत खुर्चीवर राहतो. १९७३ साली या नऊपैकी सात जणांनी सांगितलं, की गर्भपाताचा निर्णय घेणं हा बाईचा घटनेतला हक्क आहे. त्या एका निकालावर अमेरिकेतल्या बायका जवळजवळ पन्नास वर्षं उभ्या होत्या. त्या हक्कासाठी देशभर लागू होणारा वेगळा कायदा मात्र तिथल्या संसदेनं कधी केला नाही.

मग १८ सप्टेंबर २०२० रोजी रूथ बेडर गिन्सबर्ग या न्यायाधीश बाई वारल्या. त्या आयुष्यभर बायकांच्या हक्कांसाठी लढल्या होत्या. त्यांच्या जागी ऑक्टोबर संपायच्या आत एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक झाली. त्याही बाईच, पण विचार उलट बाजूचे. पारडं फिरलं. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयानं १९७३ चा निकाल मोडीत काढला. घटनेचं एक अक्षरही बदललं नव्हतं. खुर्चीवरची माणसं तेवढी बदलली होती. त्यानंतर तिथल्या बऱ्याच राज्यांनी गर्भपातावर बंदी घातली.

दुसरी गोष्ट आयर्लंडची, पण ती आपल्या शेजारच्या बेळगावच्या लेकीची आहे. सविता हालप्पनवार. मूळची बेळगावची, शिकून दातांची डॉक्टर झालेली, नवऱ्याबरोबर आयर्लंडमधल्या गॉलवे गावात राहणारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडू लागला. मूल वाचणार नाही हे डॉक्टरांनाही माहीत होतं. तिनं आणि नवऱ्यानं विनवण्या केल्या, की गर्भ काढून टाका. पण त्या देशानं १९८३ साली घटनेतच कलम घातलं होतं, की पोटातल्या गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काइतकाच. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून डॉक्टर थांबले. तिच्या रक्तात विष पसरलं आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. वय ३१. तिचा फोटो हातात घेऊन आयरिश बायका रस्त्यावर उतरल्या. २५ मे २०१८ रोजी तिथं जनमत घेतलं गेलं आणि शंभरातल्या छासष्ट जणांनी ते कलम काढून टाकायला मत दिलं. बेळगावच्या लेकीच्या मरणानं एका परक्या देशाची घटना बदलली.

आता घरी येऊ.

आपल्याकडं गर्भपाताला गुन्हा ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८६० साली आणला. भारतीय दंड संहितेत कलम ३१२ घातलं. आईचा जीव वाचवण्यासाठी नसेल तर गर्भपात करणारा गुन्हेगार, आणि बाईनं स्वतःच केला तर तीही गुन्हेगार. त्या काळी लहानपणी लग्नं व्हायची, लहानपणीच नवरा मरायचा. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेचं पुन्हा लग्न नाही. घरातल्याच कुणा पुरुषानं तिच्यावर हात टाकला, दिवस राहिले, की तिच्यापुढं विहीर तरी नाहीतर गुन्हा तरी. पुरुषाचं नाव कोर्टाच्या कागदावर येतच नसे.

जोतिबा आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवेनं इथं यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर ठेवून जावं. तिचं नाव कुणाला कळणार नाही. अशी पत्रकं त्यांनी पुण्यात लावली. १८८४ पर्यंत ३५ बायका तिथं येऊन गेल्याचं जोतिबांनी स्वतः लिहून ठेवलंय. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढं डॉक्टर झाला.

आपल्या सोलापूर जिल्ह्यातही अशी जागा होती, हे किती जणींना ठाऊक आहे? पंढरपुरात. वारीच्या, देवदर्शनाच्या निमित्तानं अडलेल्या विधवा तिथं यायच्या आणि गुपचूप बाळंत व्हायच्या. मूल मागं राहायचं, किंवा राहायचंच नाही. लालशंकर उमियाशंकर नावाचे एक गुजराती गृहस्थ तेव्हा पंढरपुरात न्यायाधीश म्हणून नेमणुकीवर होते. प्रार्थना समाजाचे विचार मानणारे. त्यांनी १८७५ मध्ये तिथं बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथ मुलांचा आश्रम सुरू केला. तोच पुढं नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. आजचा विषय या आश्रमापाशी येऊन मिळतो. पंढरपूरच्या कोर्टात बसणाऱ्या न्यायाधीशाच्या हातात शिक्षा देण्याचा कायदा होता. लालशंकर कोर्टाबाहेर येऊन गुन्हाच घडू नये म्हणून दार उघडून बसले. त्या खुर्चीवर दुसरा कुणी असता, तर तो आश्रम झाला असता का?

याच काळातली सुरतची विजयालक्ष्मी. तरुण विधवा. तिनं आपलं नुकतं जन्मलेलं मूल मारलं म्हणून १८८१ साली खालच्या कोर्टानं तिला फाशी सुनावली. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेलं आणि तिची फाशी टळली. पुढं शिक्षा आणखी कमी झाली. बाई तीच, गुन्हा तोच, कायदा तोच. वरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांनी वेगळ्या नजरेनं पाहिलं, एवढंच. या खटल्याच्या वेळी वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवला. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या आणि त्यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. पुरुषाचा दोष बाईच्या माथी का, हा त्यांचा सवाल आजही जुना झालेला नाही.

स्वातंत्र्य आलं तरी १८६० चं कलम तसंच राहिलं. बायका पोट पाडतच होत्या, पण काड्या घालून, जडीबुटी खाऊन, चोरून. त्यात मरत होत्या. १९६४ साली केंद्र सरकारनं यावर विचार करायला समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते शांतिलाल शहा, आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. समितीनं १९६६ मध्ये अहवाल दिला, की गर्भपाताला कायद्याचा आधार द्या. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. म्हणजे अमेरिकेच्या त्या निकालाच्या आधीच आपल्याकडं कायदा होता.

इथं आपल्यात आणि त्यांच्यात मोठा फरक आहे, तो नीट ध्यानात घ्या. अमेरिकेतला हक्क न्यायालयाच्या निकालावर उभा होता, म्हणून न्यायाधीश बदलले तसा तो गेला. आपला हक्क संसदेच्या कायद्यावर उभा आहे. एका न्यायाधीशाच्या नेमणुकीनं तो एका दिवसात पुसला जाणार नाही.

पण म्हणून निश्चिंत बसावं का? तसंही नाही. कारण आपल्या कायद्यानं १८६० चा गुन्हा रद्द केलाच नाही. त्यानं फक्त म्हटलं, की अमुक अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टरनं गर्भपात केला तर तो गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी हा गुन्हा तिच्या ८८ व्या कलमात आहेच. म्हणजे मुळात बंदी, आणि त्या बंदीत एक दार. दार किती उघडायचं हे कायद्याच्या शब्दांचा अर्थ कोण कसा लावतो यावर ठरतं. अर्थ लावणारा म्हणजे न्यायाधीश.

हे दार कसं मागंपुढं झालं ते बघा.

२००८ साली मुंबईची निकेता मेहता उच्च न्यायालयात गेली. पोटातल्या बाळाच्या हृदयात मोठा दोष आहे हे तिला कळलं तेव्हा वीस आठवडे उलटून गेले होते, आणि कायद्याची मर्यादा वीसच होती. तिच्यासोबत तिचे डॉक्टर निखिल दातारही कोर्टात उभे राहिले. ४ ऑगस्ट २००८ रोजी न्यायालयानं नाही म्हटलं. कायद्यात नाही ते आम्ही देऊ शकत नाही, मर्यादा बदलायची तर संसदेनं बदलावी, असं त्यांचं म्हणणं. काही दिवसांतच तिचा गर्भ आपोआप पडला. पण तिच्या प्रश्नानं देश जागा झाला.

पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, चंदीगडच्या एका मतिमंद मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूल हवं की नको हे ठरवणं हा बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. घटनेच्या २१ व्या कलमात तो बसतो.

२०१६ साली आपल्या मुंबई उच्च न्यायालयात एक वेगळंच प्रकरण आलं. तुरुंगातल्या एका गरोदर बाईला मूल नको होतं. तिची दखल घेऊन न्यायालयानं स्वतःहून सुनावणी केली. खंडपीठावर दोघी बायका होत्या, न्यायमूर्ती विजया ताहिलरमानी आणि न्यायमूर्ती मृदुला भाटकर. त्यांनी सांगितलं, की गर्भ बाईच्या शरीरात वाढतो, त्याचा भार तिच्या शरीरावर आणि मनावर पडतो, म्हणून निर्णय तिचाच. ती तुरुंगात असली म्हणून तिचा हा हक्क जात नाही. लग्न झालेलं असो वा नसो. हा निकाल वाचताना आम्हाला वाटलं, की हे लिहिणाऱ्यांना दिवस जाणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

२०२१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. २४ सप्टेंबर २०२१ पासून तो लागू आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरे. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत, आणि तेही ठरावीक बायकांसाठी. बलात्कार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा झालेली किंवा नवऱ्यापासून सुटलेली, अपंग, मानसिक आजार असलेली, बाळात गंभीर दोष असलेली, आपत्तीत सापडलेली. चोवीसच्या पुढं बाळात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी. आईचा जीव वाचवायचा असेल तर मात्र आठवड्यांची अट नाही. निकेताला तेरा वर्षं उशिरा उत्तर मिळालं, असं म्हणायचं.

आता न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्याकडं येऊ. मूळचं घराणं पुणे जिल्ह्यातलं. वडील यशवंतराव चंद्रचूड हेही देशाचे सरन्यायाधीश होते. वडिलांनी आणीबाणीत, १९७६ साली, अटकेतल्या माणसाला न्यायालयाचं दार बंद करणाऱ्या निकालावर सही केली होती. मुलगा २०१६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१७ साली खासगीपणाच्या खटल्यात त्यानं वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहिलं. घर एक, आडनाव एक, राज्यघटना एक. माणूस बदलला तसा अर्थ बदलला. त्याच खासगीपणाच्या निकालात बाईचा आपल्या शरीरावरचा हक्कही आला.

२०२२ मध्ये एक पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. बावीस आठवडे झाले होते, जोडीदारानं लग्नाला नकार दिला होता. न्यायालय म्हणालं, चोवीस आठवड्यांच्या यादीत तू बसत नाहीस. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथं न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या खंडपीठानं आधी तिला परवानगी दिली आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी मोठा निकाल दिला. लग्न झालेली आणि न झालेली असा भेद कायद्यात करता येणार नाही. नवऱ्यानं बळजबरी केली आणि दिवस गेले, तर गर्भपाताच्या कायद्यापुरता तो बलात्कारच समजायचा. आणि अल्पवयीन मुलीची माहिती पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची डॉक्टरवर सक्ती नाही. कायद्याचा कागद दिल्ली उच्च न्यायालयापुढं होता तोच इथंही होता.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग चांगल्या विचारांचे न्यायाधीश नेमा, बायका नेमा, झालं काम. पण इतकं सोपं नाही. ऑक्टोबर २०२३ मधलं प्रकरण ऐका.

दोन लेकरांची आई. धाकटं अंगावर पीत होतं. अंगावर पाजत असताना पाळी येत नाही, म्हणून दिवस गेल्याचं तिला कळलंच नाही. हे आपल्यातल्या किती जणींबाबत झालंय! तिला बाळंतपणानंतरचा मानसिक आजारही होता. सव्वीस आठवडे झाले होते. ९ ऑक्टोबरला न्यायमूर्ती हिमा कोहली आणि न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठानं तिला परवानगी दिली. मग दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी कळवलं, की बाळ जिवंत जन्मू शकतं, आम्ही काय करायचं? ११ ऑक्टोबरला दोघींची मतं वेगळी झाली. न्यायमूर्ती कोहली म्हणाल्या, आता परवानगी देता येणार नाही. न्यायमूर्ती नागरत्ना म्हणाल्या, बाईच्या निर्णयाचा मान राखा. प्रकरण सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन जणांच्या खंडपीठाकडं गेलं आणि १६ ऑक्टोबरला त्यांनी परवानगी नाकारली. चोवीस आठवडे उलटलेत, बाळात दोष नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणून.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दोघी बायका शेजारी शेजारी बसल्या तरी मत एकच होईल असं नाही. आणि २०२२ साली दार उघडणाऱ्याच हातांनी २०२३ साली ते लावलं, कारण कायद्याची चौकट तिथं संपत होती. कुठलाही न्यायाधीश आपला देव नाही आणि दानवही नाही.

तरीही बायका त्या खुर्चीवर हव्यातच. १९५० पासून चालत आलेल्या या न्यायालयात पहिली बाई, फातिमा बीवी, १९८९ साली पोचल्या. दुसऱ्या होत्या सुजाता मनोहर, १९९४ साली. त्याच मुंबई उच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश. कामाच्या ठिकाणी बाईच्या छळाविरुद्ध १९९७ साली जो विशाखा निकाल आला, त्या खंडपीठावर त्या होत्या. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकाच दिवशी तीन बायकांनी शपथ घेतली, त्या धरून तोवर एकंदर अकरा झाल्या. न्यायाधीशांच्या जागा चौतीस, आणि सत्तर वर्षांहून जास्त काळात बायका अकरा.

आपल्याकडं नेमणूक कशी होते हेही सांगतो. सरन्यायाधीश आणि त्यांच्या खालोखालचे चार ज्येष्ठ न्यायाधीश मिळून नावं सुचवतात, त्याला न्यायवृंद म्हणतात. सरकारकडून ती राष्ट्रपतींकडं जातात. पासष्टाव्या वर्षी निवृत्ती. त्यामुळं आपल्याकडं माणसं लवकर लवकर बदलतात. आणि सगळे चौतीस एकत्र बसत नाहीत, बहुतेक प्रकरणं दोघं किंवा तिघं ऐकतात. म्हणून आपल्या बाईचा कागद कुठल्या दोघांपुढं गेला, यावर पुष्कळ अवलंबून राहतं.

एक प्रकरण आपल्याच राज्यातलं. २०२४ मध्ये मुंबईच्या बाजूची चौदा वर्षांची मुलगी, अत्याचार झालेली. घरच्यांना उशिरा कळलं. मुंबई उच्च न्यायालयानं परवानगी नाकारली. २२ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं दिली, तेव्हा जवळजवळ तीस आठवडे होत आले होते. पण आईवडिलांनी मुलीच्या जिवाच्या काळजीनं नंतर मन बदललं आणि २९ एप्रिलला न्यायालयानं आपला आदेश मागं घेतला. न्यायालयानं तेव्हा सांगितलं, की जिच्या पोटात गर्भ आहे तिचं म्हणणं सर्वांत वरचं. पण कोर्टकचेरीत जे आठवडे गेले, ते त्या मुलीला कुणी परत देऊ शकलं नाही.

आता आपल्या गावाकडं बघू. आमच्या गटांतल्या बऱ्याच बायकांना वाटतं, गर्भपात म्हणजे गुन्हाच. कारण भिंतीवर पाटी दिसते ती गर्भलिंग तपासणीची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुलगा की मुलगी हे बघणं गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहायला हवा. महाराष्ट्रानं १९८८ साली, देशात सगळ्यांच्या आधी, त्याविरुद्ध कायदा केला. मग १९९४ चा देशाचा कायदा आला. तरी २०१७ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला एक बाई अशा बेकायदा गर्भपातात मेली आणि तिथं पुरलेले १९ गर्भ सापडले. ते आपण विसरायचं नाही. पण त्या भीतीपोटी काही दवाखाने कायद्यात बसणाऱ्या बाईलाही परत पाठवतात. एका दवाखान्यानं आमच्या ओळखीच्या मैत्रिणीला सांगितलं, नवऱ्याची सही आण, तरच हात लावू. नवरा ऊसतोडीला गेलेला. ती मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या घेऊन आली आणि रक्तस्रावानं मरता मरता वाचली.

म्हणून या चार गोष्टी गटाच्या वहीत लिहून ठेवा.

एक, अठरा वर्षांवरच्या बाईची फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची, सासूची सही कायदा मागत नाही. अठराच्या आतल्या मुलीसाठी किंवा मानसिक आजार असलेल्या बाईसाठी पालकाची सही लागते.

दोन, बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ते फोडलं तर शिक्षा आहे.

तीन, जेवढं लवकर तेवढं सोपं आणि सुरक्षित. पाळी चुकली की तपासून घ्या. अंगावर पाजत असाल तरी घ्या. गोळ्या डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय नाहीत. काम सरकारी किंवा मान्यता असलेल्या दवाखान्यातच.

चार, चोवीस आठवडे उलटले आणि बाळात दोष निघाला तर वैद्यकीय मंडळानं अर्ज आल्यापासून तीन दिवसांत मत द्यायचं असतं. कोर्टात जायची वेळ आलीच तर बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा किंवा १५१०० वर फोन लावा. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय, त्यात आपला सोलापूर जिल्हा येतो. मुंबई गाठायची गरज उरली नाही. जिथं एकेक दिवस मोजावा लागतो, तिथं हे थोडं नाही.

सर्वोच्च न्यायालयात कोण बसावं हे आपण ठरवू शकत नाही. न्यायवृंदात आपली ओळख नाही. पण आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे काम शिकलेला डॉक्टर नेमलाय की जागा रिकामीच आहे, हे विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. बारा आठवड्यांच्या आत तिथं काम झालं, तर कोर्टाच्या पायरीपर्यंत जायची वेळच बहुतेक जणींवर येणार नाही. दिल्लीतल्या खुर्चीची बातमी ऐकत राहू, आणि तालुक्यातली ही खुर्ची रिकामी राहू द्यायची नाही. पुढच्या ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीपुढं हा प्रश्न लेखी द्या. सगळ्या गटांनी मिळून द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.